लुडो किंग

लुडो किंग हा मोबाईल फोनवर खेळला जाणारा भारतीय पटखेळ आहे. नवी मुंबई येथील गेमशन टेक्नॉलॉजीज या कंपनीने तो विकसित केला असून २०१६ साली तो अँड्रॉइड व आयओएस या प्रणालींसाठी उपलब्ध झाला. विकाश जयस्वाल हे या कंपनीचे संस्थापक आहेत. पचिसी या प्राचीन भारतीय खेळापासून निघालेल्या लुडोचे हे संगणकीय रूप आहे. त्याच अ‍ॅपमध्ये सापशिडीचाही समावेश आहे. एकाच फोनभोवती बसून, दूरच्या मित्रांशी किंवा अनोळखी व्यक्तींशी इंटरनेटद्वारे, तसेच इंटरनेटशिवाय संगणकाविरुद्ध असा चारही प्रकारे हा खेळ खेळता येतो.

२०२० मधील कोविड-१९ च्या टाळेबंदीत लुडो किंगला भारतात अभूतपूर्व लोकप्रियता लाभली. त्या वर्षाच्या अखेरीस डाउनलोडची संख्या ५० कोटींवर गेल्याचे कंपनीने जाहीर केले. मूळ खेळात पैसे लावण्याची सोय नाही. मात्र त्याच्या यशानंतर पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या लुडोची अनेक अ‍ॅप निघाली आणि लुडो हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला.

पार्श्वभूमी

फासे किंवा कवड्या टाकून पटावर सोंगट्या चालवण्याची परंपरा भारतात फार जुनी आहे. महाभारताच्या सभापर्वातील द्यूतप्रसंग सर्वपरिचित आहे. महाराष्ट्रात वेरूळच्या लेण्यांत, विशेषतः लेणे क्र. १४, २१ व २९ मध्ये, शिव-पार्वती फाशांचा खेळ खेळत असल्याची शिल्पे आहेत. यांपैकी काही शिल्पांत खालच्या भागात नंदी व त्याची थट्टा करणारे गण कोरलेले दिसतात. शिवाने डावात नंदी हरल्याचे ते चित्रण आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो.

मराठीत या खेळांना सारीपाट, सोंगट्या, चौसर, पचिसी अशी नावे आहेत. पचिसीचा पट अधिक चिन्हाच्या आकाराचा, बहुधा कापडी असतो. त्याच्या प्रत्येक भुजेत आठ घरांच्या तीन रांगा असतात. म्हणजे चारही भुजांत मिळून ९६ घरे आणि मध्यभागी एक मोठे घर. कवड्या टाकून दान घेतले जाते आणि २५ या सर्वांत मोठ्या दानावरून खेळाला पचिसी हे नाव पडले. सारीपाटात कवड्यांऐवजी लांबट फासे वापरतात. हे खेळ बहुधा दोन-दोन भिडूंच्या जोड्या करून खेळले जात असत. फत्तेपूर सिक्री येथील प्रांगणात पचिसीचा पट दगडात आखलेला असून अकबर तेथे माणसांच्याच सोंगट्या करून खेळत असे, असे सांगितले जाते. दान पडणे, फासे उलटे पडणे, डाव उधळणे हे मराठीतील वाक्प्रचार याच परंपरेतून आले आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इंग्लंडमध्ये पचिसीचे सोपे रूप लुडो या नावाने बाजारात आले. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘मी खेळतो’ असा होतो. कवड्यांच्या जागी सहा बाजूंचा एक फासा, कापडी पटाच्या जागी पुठ्ठ्याचा चौकोनी पट आणि जोड्यांऐवजी प्रत्येकाचा स्वतंत्र डाव हे त्यातील मुख्य बदल होत. या रूपात हा खेळ भारतात परतला आणि एका बाजूस लुडो व मागच्या बाजूस सापशिडी छापलेला पट घरोघरी पोहोचला. लुडो किंगमध्ये हे दोन्ही खेळ एकत्र असण्यामागे याच छापील पटाची परंपरा दिसते.

निर्मिती

विकाश जयस्वाल हे मूळचे बिहारमधील पाटण्याचे. मुंबईतील इंडियागेम्स या कंपनीत काम केल्यानंतर त्यांनी २०१० च्या सुमारास गेमशनची स्थापना केली. कंपनीने आरंभी संगणकाच्या ब्राउझरवर चालणारे छोटे खेळ तयार केले. स्मार्टफोनचा प्रसार वाढल्यावर ती मोबाईल खेळांकडे वळली. २०१६ मध्ये लुडो किंग प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू होऊन देशात मोबाईल इंटरनेट स्वस्त झाले. या दोन घटनांचा काळ जुळून आल्याचा लाभ या खेळाला झाला.

खेळाची रचना साधी ठेवण्यात आली आहे. पट, चार रंगांच्या सोंगट्या आणि फासा एवढेच पडद्यावर दिसते. स्वस्त फोनवरही तो चालतो. खेळ विनामूल्य असून जाहिराती आणि अ‍ॅपमधील खरेदी हे उत्पन्नाचे मुख्य मार्ग आहेत. खेळात मिळणारी नाणी आभासी असतात व त्यांचे रोख पैशांत रूपांतर करता येत नाही.

खेळपद्धती

लाल, हिरवा, पिवळा व निळा असे चार रंग असून प्रत्येक खेळाडूकडे चार सोंगट्या असतात. सहाचे दान पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही. बाहेर पडलेली सोंगटी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पटाला फेरी घालते आणि आपल्या रंगाच्या रांगेतून मध्यभागी पोहोचते. बाहेरच्या वाटेवर एकूण ५२ घरे असतात. सुरुवातीच्या घरापासून अखेरपर्यंत प्रत्येक सोंगटीला ५६ घरे चालावी लागतात. शेवटच्या घरात जाण्यासाठी नेमके दान पडणे आवश्यक असते.

प्रतिस्पर्ध्याच्या सोंगटीवर आपली सोंगटी नेमकी येऊन पडली की ती मारली जाते व तिला पुन्हा आरंभापासून निघावे लागते. चार आरंभीची घरे आणि तारा काढलेली चार घरे अशा आठ ठिकाणी सोंगटी मारता येत नाही. सहा पडल्यास, सोंगटी मारल्यास किंवा सोंगटी घरी पोहोचल्यास आणखी एक डाव मिळतो. सलग तीन वेळा सहा पडल्यास मात्र डाव पुढच्याकडे जातो.

खेळण्याचे प्रकार

• संगणकाविरुद्ध: इंटरनेटची आवश्यकता नसते.
• एकाच फोनवर: फोन मध्ये ठेवून किंवा हातोहात देऊन घरातील माणसे खेळतात. यालाही इंटरनेट लागत नाही.
• मित्रांसोबत: एक खेळाडू खासगी खोली तयार करतो व तिचा संकेतांक इतरांना पाठवतो.
• ऑनलाइन: जगभरातील अनोळखी खेळाडूंशी गाठ घालून दिली जाते.

कमी वेळात संपणारा ‘क्विक’ प्रकारही उपलब्ध आहे. २०२० मध्ये खेळताना एकमेकांशी बोलण्याची सोय आणि पाच-सहा खेळाडूंसाठीचा पट यांची भर पडली.

सापशिडी

लुडो किंगमधील सापशिडी १०० घरांच्या परिचित पटावर खेळली जाते. या खेळाचे भारतीय मूळ ज्ञानचौपड, मोक्षपट इत्यादी नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पटांत आहे. त्यांत शिड्या सद्गुणांच्या व साप दुर्गुणांचे असून अखेरचे घर मोक्षाचे असे. महाराष्ट्रात मोक्षपटाचे श्रेय परंपरेने संत ज्ञानेश्वरांना दिले जाते. इंग्रजांच्या काळात हा खेळ युरोपात गेला व त्याचा आध्यात्मिक आशय हळूहळू लोप पावला.

लुडो व सापशिडी यांत एक मूलभूत फरक आहे. सापशिडीत खेळाडूला कोणताही निर्णय घ्यावा लागत नाही, कारण सोंगटी एकच असते व दान पडेल तेवढी ती चालते. लुडोत चार सोंगट्यांपैकी कोणती चालवायची हे ठरवावे लागते. पुढे नमूद केलेल्या कायदेशीर वादाचे मूळ याच फरकात आहे.

नशीब आणि निर्णय

निष्पक्ष फाशावर सहा पडण्याची शक्यता प्रत्येक वेळी सहात एक असते. त्यामुळे पहिली सोंगटी बाहेर काढण्यासाठी सरासरी सहा डाव लागतात. मात्र सरासरीवरून प्रत्यक्ष अनुभवाची कल्पना येत नाही. एखाद्या खेळाडूला सलग दहा डावांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के आहे. चार खेळाडूंच्या खेळात निदान एकावर ही वेळ येण्याची शक्यता जवळजवळ ५० टक्के होते. म्हणजे साधारण दर दुसऱ्या खेळात कुणीतरी दहा डाव नुसते बसून काढतो. संगणकाचा फासा मुद्दाम सहा देत नाही, ही खेळाडूंची नेहमीची तक्रार असते. फासा पूर्णपणे निष्पक्ष असला तरीही असा अनुभव वारंवार येणे अपरिहार्य आहे, हे या गणितावरून स्पष्ट होते.

चारही सोंगट्या घरी नेण्यासाठी एका खेळाडूला एकूण २२४ घरे चालावी लागतात. एका दानाची सरासरी साडेतीन असल्याने त्यासाठी सुमारे ६४ दाने लागतात. सोंगट्या सुटण्याची वाट पाहणे व मारल्या गेलेल्या सोंगट्यांचे पुन्हा चालणे यांची त्यात भर पडते. खेळ लांबतो तो यामुळे.

निर्णयाचा भाग सोंगट्या बाहेर पडल्यानंतर सुरू होतो. पुढची सोंगटी घरी न्यावी की मागची सुरक्षित घरात आणावी, प्रतिस्पर्ध्याची सोंगटी मारण्यासाठी आपली सोंगटी धोक्यात घालावी काय, असे प्रश्न प्रत्येक डावात उभे राहतात. प्रतिस्पर्ध्याच्या सोंगटीपुढे एक ते सहा घरांच्या अंतरावर असलेली सोंगटी त्याच्या पुढच्याच दानाने मारली जाऊ शकते, तर त्याहून दूर असलेली सोंगटी त्या मानाने निर्धास्त असते. एवढे ध्यानात ठेवणारा खेळाडू दीर्घकाळात इतरांपेक्षा अधिक डाव जिंकू शकतो. तरीही एखाद्या डावात नवख्याने जाणत्याला हरवणे सहज शक्य असते. आजी व नातवंडे यांना एका पटावर बरोबरीने खेळता येते, ते या गुणामुळेच.

टाळेबंदी व लोकप्रियता

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. घराबाहेर पडणे बंद झाल्याने विविध शहरांत विखुरलेली कुटुंबे व मित्रमंडळी खासगी खोलीचा संकेतांक पाठवून एकत्र खेळू लागली. या काळात दररोज खेळणाऱ्यांची संख्या वाढून ५ कोटींच्या घरात गेल्याचे कंपनीने सांगितले. अचानक वाढलेल्या या भारामुळे कंपनीला सर्व्हरची क्षमता वाढवावी लागली.

ऑनलाइन खेळाची चर्चा अधिक झाली, तरी एका फोनवर चौघांनी खेळण्याची सोय ग्रामीण भागाच्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची आहे. पूर्व विदर्भातील भंडारा जिल्ह्याचे उदाहरण घेता येईल. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ असून तीपैकी सुमारे ८० टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. अशा प्रदेशात घरात एकच स्मार्टफोन असला किंवा नेटवर्क क्षीण असले, तरी खेळ अडत नाही. फोनचा पडदा हाच पट होतो आणि ओसरीवर पूर्वी जसा डाव मांडला जाई तसा तो मांडता येतो. फोन एरवी एकट्याने पाहण्याची वस्तू असताना त्याभोवती माणसे जमवणे, हे या खेळाचे वैशिष्ट्य म्हणता येईल.

३० ऑगस्ट २०२० रोजी आकाशवाणीवरील ‘मन की बात’ या कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी भारतीय खेळणी व भारतीय संगणकीय खेळ तयार करण्याचे आवाहन केले. त्यानंतर काही दिवसांतच, २ सप्टेंबर रोजी केंद्र शासनाने पब्जी मोबाईलसह ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. या पार्श्वभूमीवर देशी खेळाचे यशस्वी उदाहरण म्हणून लुडो किंगचा उल्लेख होऊ लागला.

इतर पार्टी खेळांशी तुलना

अनेकांनी एकत्र जमून खेळायच्या संगणकीय खेळांना पार्टी खेळ म्हणतात. यांतील सर्वांत प्रसिद्ध मालिका म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीची मारियो पार्टी. तिचा पहिला खेळ १९९८ साली आला. हातात धरून खेळायच्या यंत्रांसाठी २००५ मध्ये मारियो पार्टी अ‍ॅडव्हान्स आणि २००७ मध्ये मारियो पार्टी डीएस हे खेळ प्रसिद्ध झाले. मारियो पार्टी डीएसमध्ये एकाच खेळपट्टिकेच्या आधारे चार यंत्रे बिनतारी जोडून चौघांना खेळता येते.

या मालिकेतही फासा टाकून पटावर चालायचे असते. मात्र सर्वांची एक-एक चाल झाली की काही सेकंदांचा एक छोटा खेळ होतो. त्यात चपळाई, निरीक्षण किंवा स्मरणशक्ती यांची कसोटी लागते व जिंकणाऱ्याला नाणी मिळतात. फाशाने मागे पडलेला खेळाडू या छोट्या खेळांतून पुढे येऊ शकतो. नशीब व कौशल्य यांचे भाग तेथे असे वेगवेगळे दाखवता येतात. लुडो किंगमध्ये असे छोटे खेळ नाहीत. त्यातील कौशल्य फाशाच्या दानातच मिसळलेले असल्याने त्याचे प्रमाण ठरवणे कठीण जाते. मारियो पार्टीसाठी स्वतंत्र यंत्र विकत घ्यावे लागते, तर लुडो किंग हाताशी असलेल्या फोनवर चालतो, हाही एक व्यावहारिक भेद आहे.

पैशांचा डाव व कायदा

लुडो किंगच्या यशानंतर प्रवेशशुल्क घेऊन रोख बक्षीस देणारी लुडोची अनेक अ‍ॅप बाजारात आली. याशिवाय काही बाहेरील संकेतस्थळे लुडो किंगच्या खासगी खोलीचा संकेतांक वापरून पैजा लावण्याची व्यवस्था करू लागली. अशा व्यवहारात खेळ लुडो किंगवर होतो, पण पैशांची देवाणघेवाण अ‍ॅपबाहेर होते.

महाराष्ट्रात या विषयास १८८७ चा जुगार प्रतिबंध कायदा लागू होतो. त्याच्या कलम १३ नुसार निव्वळ कौशल्याचे खेळ या कायद्यातून वगळलेले आहेत. कौशल्याचा प्रभाव अधिक असलेला खेळ जुगार ठरत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला खटल्यात १९५७ साली मांडले. पुढे १९६८ मध्ये रमी आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यती यांना कौशल्याच्या बाजूस स्थान मिळाले.

२०२१ मध्ये ‘लुडो सुप्रीम’ या दुसऱ्या एका अ‍ॅपविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. चार खेळाडूंनी प्रत्येकी ५ रुपये भरायचे, विजेत्यास १७ रुपये मिळायचे आणि उरलेले ३ रुपये अ‍ॅप चालवणाऱ्याकडे जायचे, अशी त्या खेळाची पद्धत याचिकेत नमूद होती. लुडोचा निकाल फाशावर अवलंबून असल्याने पैसे लावून तो खेळणे हा जुगार ठरतो, असे याचिकाकर्त्याचे म्हणणे होते. त्यापूर्वी गिरगाव येथील महानगर दंडाधिकारी न्यायालयाने लुडो हा कौशल्याचा खेळ असल्याचे मानून गुन्हा नोंदवण्याचा आदेश देण्यास नकार दिला होता. उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये राज्य शासनाला नोटीस काढली.

या हिशेबाकडे पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट होते. सारखीच कुवत असलेले चौघे पुन्हा पुन्हा खेळत राहिले तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी चारांतून एक विजय येतो. २० रुपये भरून त्याला १७ रुपये परत मिळतात. दर चार डावांमागे ३ रुपयांचा तोटा ठरलेला असतो व तो फाशामुळे नव्हे, तर अ‍ॅपच्या कपातीमुळे होतो. नशिबाने खेळाडूंमध्ये केवळ पैशांची अदलाबदल होते, निश्चित कमाई एकट्या चालकाची होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायदा संमत केला. २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्यात ई-स्पोर्ट्स, सामाजिक खेळ व पैशांचे खेळ असे भेद केलेले आहेत. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो पुरवण्यास बंदी घालण्यात आली. उल्लंघनासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. शिक्षेचा रोख खेळ पुरवणाऱ्यांवर असून खेळणाऱ्यांवर नाही. कौशल्य किती व नशीब किती, या जुन्या प्रश्नाऐवजी पैसे लावले आहेत की नाहीत, ही कसोटी या कायद्याने मुख्य मानली. केवळ करमणुकीसाठी खेळल्या जाणाऱ्या लुडोवर या बंदीचा परिणाम होत नाही.

वेरूळच्या शिल्पांतही डाव आणि त्यावर लावलेला पण एकत्रच कोरलेले आहेत. पटावरील खेळ आणि त्यावर लावलेली पैज यांतील सीमारेषेचा प्रश्न असा फार जुना आहे. लुडो किंगच्या निमित्ताने तो मोबाईल फोनच्या पडद्यावर नव्याने उपस्थित झाला.

हेही पहा

• सारीपाट
• पचिसी
• मोक्षपट
• सापशिडी
• कॅरम
• वेरूळ लेणी